ठिपक्याची शहादत

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या चाचांच्या मोबाइलवर आलेला एक मेसेज त्याने वहीत उतरवून आणला होता. मेसेजचा मतलब असा की, सूर्यासमोरून जाणारा शुक्र जगात सर्वांत आधी इब्न सीनाने पाहिला, आणि युरोपने ते श्रेय लपवून ठेवले. शेवटी नेहमीप्रमाणे 'जास्तीत जास्त शेअर करा' होतेच.

"सर, ये सच है क्या?" त्याने विचारले.

"कल बताता हूँ," मी म्हणालो. खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्याकडे अर्धेच उत्तर होते.

त्या रात्री घरी जुन्या कागदांचा डबा काढला. त्यात 2004 सालचा एक फोटो आहे. काळ्या पार्श्वभूमीवर मुगाच्या दाण्याएवढा हिरवट सूर्य, आणि त्याच्या कडेजवळ सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. मी तेव्हा बी.एड.ची परीक्षा देऊन धुळ्यात निकालाची वाट पाहत होतो. एका मित्राचा फोटो स्टुडिओ होता. त्याने रोलच्या कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर वेल्डिंगची 14 नंबरची काच धरून तो फोटो काढला होता. वीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की हा शुक्र आहे. पण त्या रात्री फोटो उलटा करून पाहिला, तर मागची बाजू कोरी. तारीख नाही, वेळ नाही. तो ठिपका शुक्राचा आहे, सौरडागाचा आहे की निगेटिव्हवर बसलेल्या धुळीचा, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या कोऱ्या पाठीवरच सापडले.

अधिक्रमण म्हणजे काय?

बुध आणि शुक्र हे दोन ग्रह पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळ आहेत. त्यामुळे फिरता फिरता ते कधी कधी सूर्य आणि पृथ्वी यांच्या बरोबर मध्ये येतात, आणि सूर्याच्या बिंबावरून एक काळा ठिपका सरकत जाताना दिसतो. मराठीत याला अधिक्रमण म्हणतात, उर्दूत उबूर. शुक्राला आपण जोहरा म्हणतो आणि बुधाला उतारिद.

दरवेळी असे होत नाही, कारण या ग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी थोड्या तिरक्या आहेत. बहुतेक वेळा ग्रह सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. बुधाचे अधिक्रमण शतकात 13-14 वेळा होते. शुक्राचे मात्र फार दुर्मीळ. ते जोडीने येते, दोघांमध्ये आठ वर्षांचे अंतर असते आणि मग शंभराहून अधिक वर्षे काही नाही. 1874 आणि 1882 ही एक जोडी. त्यानंतर थेट 2004 आणि 2012. संपूर्ण विसाव्या शतकात शुक्राचे एकही अधिक्रमण झाले नाही. पुढचे 11 डिसेंबर 2117 रोजी आहे.

आकाराचा हिशोबही लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. अधिक्रमणाच्या वेळी शुक्राचा ठिपका सूर्यबिंबाच्या साधारण बत्तिसाव्या भागाएवढा असतो. योग्य काळा चष्मा लावला तर चांगल्या नजरेला तो दिसतो. बुधाचा ठिपका मात्र बिंबाच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही लहान. तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

इब्न सीनाचे म्हणणे

आता मेसेजकडे वळू. त्यात सगळेच खोटे नाही. इब्न सीनाने (मृत्यू 1037) आपण शुक्राला सूर्यावर डागासारखे पाहिले, असे लिहून ठेवले आहे. पुढे नसीरुद्दीन तूसीनेही त्याच्या या म्हणण्याचा हवाला दिला. त्या काळात हा मामुली प्रश्न नव्हता. शुक्र सूर्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर टॉलेमीच्या काळापासून वाद होता. तो सूर्यावर डागासारखा दिसला, तर तो अलीकडे आहे हे सिद्ध होते. इब्न सीनाने नेमका तोच युक्तिवाद केला.

आजच्या गणिताने मागे जाऊन पाहिले, तर त्याच्या हयातीत 24 मे 1032 रोजी शुक्राचे अधिक्रमण खरोखर झाले होते. इब्न सीना तेव्हा इस्फहानच्या दरबारात होता, आणि त्या मुलखात ते सूर्यास्ताच्या सुमारास घडले. मावळतीच्या लालसर, मंद सूर्यावर ठिपका दिसणे शक्य आहे. पण त्याने तारीख दिलेली नाही. ठिकाण, वेळ, ठिपका किती वेळ दिसला, हलला की नाही, यातले काहीच नाही. म्हणून अभ्यासकांत एकमत नाही. कोणी म्हणतात त्याने शुक्रच पाहिला असावा, कोणी म्हणतात तो सौरडाग असावा.

अशी आणखी उदाहरणे आहेत. 840 साली सूर्यावर एक डाग 91 दिवस दिसला आणि अल्-किंदीने तो शुक्र मानला, अशी नोंद मिळते. पण शुक्राला सूर्यबिंब ओलांडायला काही तासच लागतात. 91 दिवस दिसला तो नक्कीच सौरडाग. अंदलूसच्या इब्न रुश्दने बुधाला सूर्यावर पाहिल्याचे म्हटले. पुढे कोपर्निकसने आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेखही केला. पण बुधाचा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे इब्न रुश्दने पाहिला तोही सौरडागच असणार.

हे सांगताना मला या बुजुर्गांना लहान करायचे नाही. दुर्बीण नसलेल्या काळात सूर्यावर डाग पाहणे, त्याचे कारण शोधणे आणि त्यावरून ग्रहांचा क्रम ठरवू पाहणे हे मोठे काम आहे. सूर्य निष्कलंक आहे असे जग मानत असताना त्यांनी डाग पाहिला आणि पाहिले तसे लिहिले. पण 'शुक्र सर्वांत आधी पाहिला' हे सिद्ध करायला जी नोंद लागते, ती आपल्या हातात नाही. ज्यांची नावे घेऊन आपण अभिमान बाळगतो, ते स्वतः पुराव्याच्या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते.

चालणारा ठिपका

ग्रह आणि सौरडाग यांत फरक कसा करायचा? दोन्ही काळेच. फरक चालीत आहे. सौरडाग सूर्याबरोबर फिरतो, त्याला बिंब ओलांडायला जवळपास दोन आठवडे लागतात. ग्रह ते काम काही तासांत उरकतो.

7 नोव्हेंबर 1631 रोजी पॅरिसमध्ये पिअर गासेंदीने बुधाचे अधिक्रमण पाहिले. केप्लरने ते आधीच वर्तवले होते. गासेंदीने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली. दिसलेला ठिपका अपेक्षेपेक्षा इतका लहान होता की, आधी त्याला तो सौरडागच वाटला. मग तो भराभर सरकू लागला, तेव्हा खात्री पटली. आठ वर्षांनी, 4 डिसेंबर 1639 रोजी, इंग्लंडमधल्या एका खेड्यात जेरेमाया हॉरॉक्स या विशीतल्या तरुणाने शुक्राचे अधिक्रमण असेच कागदावर पाहिले. सूर्य मावळायला अर्धाच तास उरला होता. तेवढ्यात त्याने तीन वेळा घड्याळ पाहून ठिपक्याची जागा लिहून ठेवली.

हॉरॉक्स कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नव्हता. आजच्या भाषेत तो हौशी निरीक्षक होता. पण त्याच्या तीन नोंदींमुळे आज कोणीही त्याच्यावर शंका घेत नाही. इब्न सीना आणि हॉरॉक्स यांच्यात मजहबाचा, मुलखाचा किंवा अकलेचा फरक मोजण्यात अर्थ नाही. फरक आहे तो दुर्बिणीचा आणि त्या तीन नोंदींचा.

1874: कॅमेरा येतो

शुक्राच्या अधिक्रमणाला पुढे आणखी महत्त्व आले. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिले तर शुक्राची सूर्यावरची वाट किंचित वेगळी दिसते. या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येते, हे एडमंड हॅलीने मांडले. त्यासाठी ठिपका सूर्याच्या कडेला नेमका कधी टेकला, हे सेकंदापर्यंत हवे. अडचण अशी की, कडेजवळ ठिपका गोल न राहता थेंबासारखा लांबतो आणि कडेला चिकटून बसल्यासारखा दिसतो. शेजारी शेजारी बसलेले दोन निरीक्षक वेगवेगळी वेळ सांगतात.

9 डिसेंबर 1874 च्या अधिक्रमणाच्या वेळी जगाला वाटले, आता कॅमेरा आहे, माणसाच्या डोळ्याचा घोळ संपला. फ्रान्सचा जान्सेन जपानमधल्या नागासाकीला गेला. त्याच्याकडे पिस्तुलासारख्या फिरत्या चकतीचा कॅमेरा होता, जो ठरावीक अंतराने एकामागून एक फोटो टिपायचा. सिनेमाच्या कॅमेऱ्याचा हा एक पूर्वज मानला जातो. आपल्याकडे रुडकी येथे कर्नल टेनंटने शंभराहून अधिक फोटो घेतले. इटलीचा ताक्कीनी बंगालमध्ये येऊन बसला होता. विशाखापट्टणमला ए. व्ही. नरसिंगराव यांनी स्वतःच्या खासगी वेधशाळेतून सहा इंची दुर्बिणीने निरीक्षण केले आणि त्याचा अहवाल लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला पाठवला. तेही हौशीच.

फोटोंनी मात्र निराशा केली. मोठे करून मोजायला घेतले तर सूर्याची कड धूसर, ठिपक्याची कडही धूसर. सूर्याच्या अंतराचा अपेक्षित नेमका आकडा त्यांतून निघाला नाही. म्हणजे 'फोटो आहे ना, मग झाले' हे तेव्हाही खरे नव्हते आणि आजही नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचे वाटते ते मद्रास वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारी यांचे काम. आर रेटिक्युली या रूपविकारी ताऱ्याचा शोध त्यांच्या नावावर आहे. 1874 च्या अधिक्रमणाच्या आधी त्यांनी सामान्य लोकांसाठी एक पुस्तिका लिहिली. ती इंग्रजीत काढून ते थांबले नाहीत. ती देशी भाषांमध्येही निघाली, आणि त्यात उर्दू होती. दीडशे वर्षांपूर्वी एका तमिळ ब्राह्मण खगोलशास्त्रज्ञाला वाटले की, जोहराचा उबूर काय असतो हे उर्दू वाचणाऱ्यालाही कळले पाहिजे. उर्दू ही फक्त शायरीची भाषा आहे असे ज्यांना वाटते, आणि उर्दू शाळेतल्या मुलांना विज्ञान कशाला असे ज्यांना वाटते, त्या दोघांना मी हे उदाहरण देतो.

त्या दिवशी खानदेशातूनही हे अधिक्रमण सूर्योदयानंतर थोड्याच वेळात सुरू झाले आणि दुपार होईपर्यंत चालले. तेव्हा धुळे आणि जळगाव एकाच खानदेश जिल्ह्यात होते. डिसेंबरची सकाळ. कापूस वेचायला निघालेल्या, फजरची नमाज पढून दुकान उघडणाऱ्या किती माणसांच्या डोक्यावरून तो ठिपका गेला असेल!

आपल्या परिसराची परंपरा

काळाची काटेकोर नोंद ठेवणे ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही. जुन्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर. तिथल्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशाहाने अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरून घेतला. त्यात शक आहे, संवत आहे, तिथी-वार-नक्षत्र आहे आणि घटकांपर्यंत वेळ आहे. म्हणूनच आज आपण सांगू शकतो की ती तारीख 5 जानेवारी 1590 ची. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! हा आपला वारसा आहे.

धुळ्याशी आणखी एक नाव जोडलेले आहे, शंकर बाळकृष्ण दीक्षित. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ लिहिणारे दीक्षित पेशाने शिक्षक. काही काळ ते धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत होते, म्हणजे आमच्यासारख्या मास्तरांचे मास्तर. रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर त्यांनी 1896 मध्ये 'द इंडियन कॅलेंडर' प्रसिद्ध केले. त्यात हिंदू तारखांबरोबर हिजरी तारखाही इसवी सनात बदलण्याची कोष्टके आहेत. आजही जुन्या दर्ग्यावरचा किंवा सनदेवरचा हिजरी सन लावताना इतिहासाचे अभ्यासक अशा कोष्टकांचा आधार घेतात.

आणि अजिंठ्याचा घाट ओलांडला की जुने निजाम राज्य. तिथे 1901 च्या सुमारास नवाब जफर जंग यांनी निव्वळ शौक म्हणून दुर्बिणी मागवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने ती वेधशाळा चालवायला घेतली. हीच हैदराबादची निजामिया वेधशाळा. संपूर्ण आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांची यादी करण्याच्या जागतिक मोहिमेत तिने आपल्या वाट्याचा पट्टा पूर्ण केला, लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या. एका नवाबाचा शौक जगाच्या कामी आला, कारण प्रत्येक प्लेटची नोंद ठेवली गेली.

2004, 2012, 2016

8 जून 2004. अधिक्रमण सकाळी पावणेअकराच्या सुमारास सुरू होऊन संध्याकाळी पाचच्या थोडे आधी संपले. म्हणजे आमच्या हातात सहा तास होते. त्यात आम्ही एक फोटो धड काढला आणि बाकी वेळ स्टुडिओच्या गच्चीवर चहा पीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काच देत घालवला. मजा आली. पण 200 मिलिमीटरच्या लेन्सने निगेटिव्हवर सूर्य दोन मिलिमीटरचाही येत नाही. शुक्र म्हणजे त्याचा बत्तिसावा भाग. तो आणि धुळीचा कण यांत फरक काय राहणार? एक तासाने दुसरा फोटो काढून दोन्हींवर वेळ लिहिली असती, तर सरकलेला ठिपका स्वतःच बोलला असता.

6 जून 2012 ला मी जळगावात होतो. शाळांना सुट्टी. एका शाळेच्या कपाटात पडून असलेली छोटी दुर्बीण मागून आणली. सूर्य उगवला तोच कपाळावर तीळ घेऊन. या वेळी दुर्बिणीला डोळा न लावता सूर्याची प्रतिमा पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर पाडली, वीतभर मोठी. मोहल्ल्यातली आठ-दहा मुले जमली. दर अर्ध्या तासाने एक मुलगा पेन्सिलने ठिपक्याची जागा खूण करायचा, एक मुलगी घड्याळ पाहून वेळ लिहायची आणि मी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने त्या कागदाचा फोटो घ्यायचो. मध्ये ढग आले, तर तेही लिहिले. दहा वाजून गेल्यावर ठिपका कडेला टेकला आणि वीसेक मिनिटांत नाहीसा झाला. तो कागद आज माझ्या घरी फ्रेममध्ये आहे. फोटो म्हणाल तर सामान्य, मुलांच्या बोटांचे डागही दिसतात. पण तो कागद कोणासमोरही ठेवायला मी तयार आहे.

9 मे 2016 ला बुधाचे अधिक्रमण दुपारी पावणेपाचच्या सुमारास सुरू झाले आणि सूर्यास्तापर्यंत दिसले. मुले ग्रहणाचे काळे चष्मे घेऊन आली. कोणालाच काही दिसेना. "सर, कुछ नहीं है," म्हणून चिडवू लागली. मग दुर्बिणीने कागदावर प्रतिमा पाडली, तेव्हा कुठे पेनाच्या टोकाएवढा ठिपका सापडला. इब्न रुश्दने बुध पाहिला असणे का शक्य नाही, हे मला त्या दिवशी कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त चांगले कळले.

चाँद आणि ठिपका

आपल्या समाजाला शहादत म्हणजे काय, हे वेगळे शिकवायची गरज नाही. ईदचा चाँद दिसला म्हणून कोणी आले, तर हिलाल कमिटी काय विचारते? कुठून पाहिला, किती वाजता, किती जणांनी, आकाश साफ होते का. नुसते 'दिसला' म्हणून भागत नाही. हदीसच्या बाबतीत तर कोणी कोणाकडून ऐकले, याची पूर्ण साखळी तपासली जाते. मग इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या बाबतीतच आपण बिनतारखेच्या मेसेजवर ईमान का ठेवतो? आणि जे इतर समाजांत 'आमच्या पूर्वजांना सगळे माहीत होते' म्हणतात, त्यांना हसायचा हक्क आपल्याला कसा राहील?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन्ही गोष्टी नेल्या. 2004 चा फोटो आणि 2012 चा कागद. मुलांना विचारले, "यांतला पक्का पुरावा कोणता?" मेसेज आणणारा मुलगाच उठून म्हणाला, "सर, कागजवाला. इसपे टाइम लिखा है." मग मी त्याला इब्न सीनाबद्दल सांगितले. त्याने कदाचित पाहिले असेल, कदाचित नसेल, पण प्रश्न बरोबर विचारला होता. मुलगा थोडा नाराज झाला, पण वहीतल्या त्या ओळीपुढे त्याने स्वतः प्रश्नचिन्ह काढले.

पुढची संधी

शुक्र आता 2117 मध्ये. तो आपल्यापैकी कोणी पाहणार नाही. पण 13 नोव्हेंबर 2032 रोजी, शनिवारी, बुध सूर्यासमोरून जाणार आहे. दुपारी सव्वाबाराच्या आगेमागे सुरुवात आणि साडेचारनंतर शेवट. भारतातून पूर्ण दिसेल, आणि नोव्हेंबरात खानदेशचे आकाश बहुधा साफ असते. आज जे पहिलीत आहेत, ते तेव्हा माध्यमिक शाळेत असतील.

शिक्षक मित्रांनी आतापासून एवढे करावे. शाळेच्या कपाटात दुर्बीण असेल तर ती बाहेर काढून पुसून ठेवावी. सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून थेट कधीही पाहू नये, मुलांना पाहू देऊ नये. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच हे सगळे धोक्याचे. कागदावर प्रतिमा पाडणे हा सर्वांत स्वस्त आणि सोपा मार्ग. दुर्बिणीपाशी एक मोठा माणूस सतत उभा हवा, म्हणजे कोणी चुकून डोळा लावणार नाही. फोटो घ्यायचा तर त्या कागदाचा घ्यावा. दुर्बिणीतून थेट घ्यायचाच असेल, तर सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर तिच्या पुढच्या तोंडाला घट्ट बसवावा.

आणि प्रत्येक फोटोमागे तीन गोष्टी लिहाव्यात. गाव, तारीख, वेळ. मोबाइल वेळ आपोआप नोंदवतो खरा, पण तोच फोटो दोनदा फॉरवर्ड झाला की ती नोंद बहुतेक वेळा गळून पडते. म्हणून हाताने लिहावे.

माझ्या 2004 च्या फोटोमागे मी आता लिहिले आहे: 'धुळे. 8 जून 2004. वेळ नोंदवलेली नाही. ठिपका शुक्राचा असावा, खात्री नाही.' वीस वर्षे उशिरा का होईना, ती पाठ आता कोरी नाही.